टाकी भरली की लवकर बंद पडणारा ग्रासकटर: पेट्रोल-पुरवठ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

राजापूर तालुक्यातलं सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं गाव. चार एकरांच्या आसपास हापूसची बाग, जमीन जांभ्याची, भोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण. बागेच्या साफसफाईला ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ग्रासकटर, तीन हंगाम वापरलेला. कार्बुरेटर पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा. त्यावर पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे एच (जास्त वेगासाठी) आणि एल (कमी वेगासाठी) असे दोन स्क्रू, शेजारी पेट्रोल ओढून घ्यायला दाबायचा प्रायमरचा पारदर्शक फुगा. टाकी १.२ लिटरची.

गणपतीच्या आधी खळं आणि पाणंद साफ करून मशीन मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात ठेवलं. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. उरलेलं पेट्रोल-ऑईलचं मिश्रण पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये पडवीच्या कडेला होतं. मशीन पुन्हा बाहेर निघालं ते कोजागिरीनंतर.

वेळ अडचणीची होती. ऑक्टोबरात गवत छातीला लागतं आणि सुकायला लागतं. ते उभंच सुकलं तर वणव्याची भीती, आणि पुढे मोहोराच्या फवारणीला बागेत पाइप ओढणंही मुश्कील. त्याच दिवसांत भातकापणी असते. मशीन चालवणारा माणूस सहाच दिवस मिळणार होता, आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या सहा दिवसांच्या दडपणाखाली झाला.

समस्या

तीन-चार झटक्यांत मशीन चालू व्हायचं, पाच-सहा मिनिटं छान कापायचं. मग आवाज पातळ व्हायचा, रेस घेईनासं व्हायचं आणि गुदमरून बंद पडायचं. लगेच दोरी ओढली तर दाद नाही. दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवलं की पुन्हा चालू. दुपारी त्रास जास्त.

या वर्णनावर दहातले आठ जण म्हणतील, "कॉइल गरम होतेय." इथेही तेच झालं, ठिणगी देणाऱ्या कॉइलवरच संशय गेला.

मशीन चालवणाऱ्याने मात्र पहिल्याच दिवशी बागमालक काकांना सांगितलं होतं, "काका, टाकी भरली की हे लवकर बंद पडतं. अर्धी असली की बरं चालतं." हे वाक्य कोणी मनावर घेतलं नाही. सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती. दुपारी त्रास वाढायचा कारण जेवणानंतर टाकी काठोकाठ भरली जायची. उन्हाचा त्यात फारसा हात नव्हता.

पहिले दोन दिवस काय केलं

शेजारच्या वाडीतल्या मेकॅनिकने प्लग बदलला, एअर फिल्टरचा स्पंज काढून ठेवला आणि एच स्क्रू अर्धा आटा बाहेर काढला. तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत. धूर वाढला, आवाज जड झाला, पण मशीन सहाव्या मिनिटाला बंद पडलंच.

प्लग बदलण्यात नुकसान नाही. स्पंज काढणं मात्र वाईट. सड्यावरची लाल धूळ सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते. एच स्क्रूचा अर्धा आटा तर नंतर दोन दिवस सगळ्यांना चकवत राहिला, कारण पेट्रोल मुळात कमी येत असताना स्क्रू उघडला की दोष थोडा झाकला जातो, जात नाही.

पर्याय

तिसऱ्या दिवशी सकाळी चार वाटा समोर होत्या. नवा कार्बुरेटर बसवायचा. नवी कॉइल बसवायची. मशीन तालुक्याच्या दुकानात द्यायचं, पण हंगामात तिथे रांग असते आणि आठवडा सहज जातो. किंवा जागेवर बसून दोष कुठे आहे ते शोधायचं.

नव्या कार्बुरेटरचा मोह मोठा असतो. दोन बोल्ट, दोन नळ्या, काम झालं. पण दोष टाकीत असेल तर नवा कार्बुरेटरही उपाशीच राहणार, आणि टाकीतला गाळ त्याच्याही जाळीत जाऊन बसणार. शिवाय बाजारात मिळणाऱ्या नकली कार्बुरेटरांमध्ये भोकाची जागा आणि सुईचं बसणं सारखं नसतं. मग पैसे देऊन दुसरा दोष घरी येतो. म्हणून शोधायचं ठरलं, आणि क्रम ठेवला पेट्रोलच्या वाटेचा: टाकीचं झाकण, टाकीतला फिल्टर, नळी, कार्बुरेटरचा पंप, जाळी, सुई, पडदा.

पहिला निर्णयाचा क्षण: ठिणगी की पेट्रोल

मशीन बंद पडल्याबरोबर, थंड होऊ न देता, प्लग काढला. टोक कोरडं आणि फिकट होतं. पेट्रोल पोचत असून ठिणगी नसती तर प्लग ओला निघाला असता. प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या पंखांना टेकवली आणि दोरी ओढली. ठिणगी निळी, कडक. ही तपासणी सावलीत करावी म्हणजे ठिणगी दिसते, आणि टाकीचं झाकण घट्ट लावून, प्लगच्या भोकापासून दूर करावी. दोरी ओढताना त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते.

मग कार्बुरेटरच्या तोंडात मिश्रणाचे चार-पाच थेंब सोडून प्लग परत लावला. मशीन दोन-तीन सेकंद चाललं आणि मेलं. कॉइल निर्दोष ठरली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दोरीच्या ताणावरून ठीक वाटत होतं. प्रश्न पेट्रोलचाच होता.

हे सगळं दहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी प्लगच्या पान्यापलीकडे काही लागत नाही. पहिल्या दिवशी झालं असतं तर कॉइलची चर्चाच उठली नसती.

दुसरा निर्णयाचा क्षण: झाकण

टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यावी लागते. ती झाकणातल्या बारीक रबरी झडपेतून येते. ही झडप हवा आत घेते, पेट्रोल बाहेर सोडत नाही. ती तुंबली की टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बुरेटरच्या चिमुकल्या पंपाला त्या पोकळीविरुद्ध ओढावं लागतं.

आता गड्याच्या वाक्याचा हिशेब. जोर लावून कापताना असं इंजिन ताशी साधारण एक लिटर पेट्रोल पितं, म्हणजे पाच मिनिटांत ८० मिली. टाकी काठोकाठ असेल तर वर हवा असते जेमतेम १०० मिली. झडप पूर्ण बंद धरली, तर त्या हवेला १८० मिली जागा व्यापावी लागते आणि तिचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. टाकी अर्धी असेल तर वर ६०० मिली हवा आहे. तेच ८० मिली गेले तर दाब साधारण आठव्या हिश्श्यानेच उतरतो. पेट्रोलची वाफ यातली काही तूट भरून काढते, थोडी हवा झिरपतेही, त्यामुळे आकडे तंतोतंत धरू नयेत. पण भरली टाकी लवकर मरते आणि अर्धी तग धरते, हे तुंबलेल्या झाकणाचं लक्षण आहे. कॉइलला टाकी किती भरली आहे याच्याशी देणंघेणं नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून मशीन पुन्हा चालू होतं. लोकांना वाटतं, थंड झालं म्हणून चाललं.

टाकी भरून मशीन चालवलं. बंद पडल्यावर झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला, आणि दुसऱ्याच झटक्याला मशीन चालू. इथे एक फसगत होऊ शकते: उन्हात तापलेल्या टाकीतूनही झाकण उघडताना फुस्स होतं, पण तेव्हा वाफ बाहेर येते. शंका असेल तर आधी प्रायमरचा फुगा दाबून बघावा. टाकीत पोकळी असेल तर तो दबलेलाच राहतो किंवा अगदी सावकाश फुगतो, आणि झाकण सैल केलं की टणकन वर येतो.

झाकण सैल ठेवून मशीन जमिनीवर आडवं, सायलेन्सर मोकळ्या कातळाकडे करून अर्ध्या रेसवर चालवलं. वीस मिनिटं बंद पडलं नाही. सैल झाकणाने गवत कापायला मात्र जाऊ नये. मशीन तिरपं झालं की पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडतं, आणि भोवती सुकं गवत असतं.

झाकण खोललं तर आतली झडप घट्ट झालेल्या ऑईलने आणि लाल मातीने चिकटून बसली होती. पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून पाहिली: बाहेरून आत हवा जायला हवी, आतून बाहेर नको. तार घालून भोक मोठं केलं नाही, हे बरं झालं. तसं केलं की झडप फाटते आणि मशीन खांद्यावर असताना पेट्रोल पाठीवर गळतं.

तिसरा निर्णयाचा क्षण: "चालतंय की"

इथे चूक झाली. वीस मिनिटांची चाचणी अर्ध्या रेसवर, बिनभाराची होती, आणि एच स्क्रू अजून अर्धा आटा जास्त उघडा होता. दोष गेला असं सगळ्यांनी धरलं.

बागेत नेल्यावर मशीन पाच मिनिटांनी बंद पडणं थांबलं, पण दाट गवतात ब्लेड शिरलं की गुदमरायचं. चोक अर्धा लावला की सुधारायचं. चोक लावून सुधारतं याचा अर्थ एकच: इंजिनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. म्हणजे दुसरा दोष शिल्लक होता, पहिल्याच्या मागे लपलेला.

काकांना दिवस मोजायचे होते. मेकॅनिकचं म्हणणं, स्क्रू आणखी उघडू. दोघांचं मिळून ठरलं की आजचा दिवस अर्ध्या चोकवर काढायचा. दुपारी साडेतीनच्या सुमारास आवाज चढला, मग दोरीला जडपणा आला आणि मशीन थांबलं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारं ऑईल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी, आणि पातळ मिश्रण (हवा जास्त, पेट्रोल कमी) जास्त तापतं ते वेगळंच. थंड झाल्यावर सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पाहिलं तर पिस्टनवर उभे बारीक ओरखडे होते. रिंग मोकळी होती, कॉम्प्रेशन टिकलं होतं. आणखी अर्धा तास ओढलं असतं तर पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला असता आणि खर्च नव्या मशीनच्या जवळ गेला असता.

प्रत्यक्ष दुरुस्ती

चौथ्या दिवशी सकाळी आधी पेट्रोल तपासलं. हे खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. टाकीतलं आणि कॅनच्या तळातलं मिश्रण काचेच्या बाटल्यांत भरून तासभर स्थिर ठेवलं. कॅनच्या बाटलीत खाली बोटाच्या पेराएवढा वेगळा, फिकट थर दिसला. वर ऑईलचा रंग, खाली नाही.

२०२५ पासून देशात सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि टू-स्ट्रोक ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी लोळतो, म्हणजे इंजिनला आधी मिळतो तो बिनऑईलचा थर. नुसत्या दमट हवेने दोन महिन्यांत एवढं पाणी जमणं कठीण. कॅनचं झाकण वाकडं बसत होतं आणि कॅन पागोळ्यांखाली होता. पाणी बहुधा तिथूनच गेलं.

टाकी रिकामी करून ताज्या पेट्रोलने दोनदा विसळली. वाकवलेल्या तारेने फिल्टर बाहेर ओढला. त्याचा नमदा तपकिरी आणि चिकट होता. तोंडाने फुंकून साफ करायच्या मोहात न पडता फेकून नवा बसवला. नळी टाकीच्या रबरी बुचापाशी कडक झाली होती. वाकवल्यावर तडा दिसला नाही, तरी बदलली. अशा नळीला चालू मशीनच्या कंपनात सूक्ष्म फट पडते आणि पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. नळीचं टोक तिरकं कापलं की बुचातून सहज ओढता येतं.

मग कार्बुरेटर. उघडण्याआधी दोन्ही स्क्रू हलकेच आत फिरवून किती आटे होते ते लिहून ठेवलं: एल एक, एच पावणेदोन. स्क्रू तळाला आवळायचे नसतात, टोक चेपतं.

पंपाच्या बाजूचं एका स्क्रूचं झाकण काढलं. खाली नखाएवढी गोल जाळी असते. ती शेवाळी रंगाच्या बुळबुळीत थराने अर्धीअधिक बुजली होती. अशा बारीक जाळीला पाण्याचे थेंब चिकटले तरी पेट्रोल अडतं. दुसऱ्या बाजूचं चार स्क्रूंचं झाकण काढल्यावर मोजमापाचा पडदा दिसला. हा पडदा मऊ, फुग्याच्या रबरासारखा लवचिक हवा. हा पतंगाच्या कागदासारखा कडक झाला होता, बोटाने दाबला की टकटक वाजत होता. इंजिनची ओढ वाढली की हा पडदा आत येऊन छोटी पट्टी दाबतो, पट्टी सुई उचलते आणि पेट्रोल आत येतं. कडक पडदा पुरेसा आत येत नाही. कमी रेसवर भागतं, भार आला की उपासमार. अर्ध्या रेसवरची वीस मिनिटं म्हणूनच फसवी ठरली.

सुईचं टोक चांगलं होतं. पट्टीची उंची मॉडेलगणिक वेगळी असते. ती वाकवल्याची खूण नव्हती, म्हणून हात लावला नाही. पडदे-गास्केटचं किट घेताना जुना पडदा बरोबर नेऊन भोकावर भोक ठेवून जुळवला. बसवताना गास्केट आणि पडदा यांचा क्रम चुकला तर मशीन चालू होत नाही किंवा पेट्रोल गळतं. मोजमापाच्या बाजूला सहसा आधी गास्केट मग पडदा, पंपाच्या बाजूला सहसा उलट. पण 'सहसा'वर न जाता खोलताना मोबाइलवर फोटो काढले होते, तेच कामाला आले.

सुई नीट बंद होते का हे पाहायला गेज नव्हता. गावातल्या दवाखान्यातून बाद झालेला बीपीचा पंप मिळाला. सुकवलेल्या कार्बुरेटरच्या नळीला तो जोडून (पाऱ्याच्या) ३०० मिमीपर्यंत दाब दिला. काटा मिनिटभर हलला नाही. हा दाब सहा पीएसआयच्या थोडा खालीच पडतो, चांगली सुई याहून बऱ्याच जास्त दाबाला उघडते. उघडण्याचा दाब यावरून कळत नाही, गळती मात्र कळते.

कार्बुरेटर परत बसवताना इंजिनकडच्या गास्केटमधलं बारीक भोक जुळवून घेतलं. क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतल्या दाबाच्या चढउतारावर पेट्रोलचा पंप चालतो आणि तो चढउतार या भोकातून येतो. गास्केट उलटं बसलं तर सगळं नवं असूनही पेट्रोल येणार नाही. दोन्ही बोल्ट सारखे आवळले, स्पंज धुऊन परत लावला.

मिश्रण ताजं: या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली टू-स्ट्रोक ऑईल, औषधाच्या मापाने मोजून. "थोडं जास्त टाकू, पिस्टनला बरं" हा विचार अर्धाच खरा आहे. ऑईल जास्त झालं की त्याच भोकातून पेट्रोल कमी जातं, हवेच्या मानाने मिश्रण उलट पातळ होतं आणि एक्झॉस्टला काजळी धरते.

दोन्ही स्क्रू एकेक आट्यावर ठेवून मशीन पाच मिनिटं तापवलं. पूर्ण रेसवर एच हळूहळू आत घेत वेग चढताना ऐकला, आणि सर्वात वरच्या वेगाला न थांबता आवाजात किंचित फडफड येईपर्यंत परत उघडला. शेवटी एच सव्वा आट्यावर स्थिरावला. भार आला की ती फडफड जायला हवी. चाचणी या वेळी दाट गवतात, काठोकाठ भरलेल्या टाकीवर, चोक पूर्ण उघडा, म्हणजे अजिबात न लावता घेतली.

परिणाम

टाकी संपेपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही. प्लग काढून पाहिला तर फिकट तपकिरी. उरलेल्या दोन दिवसांत तीन एकर उरकलं. गडग्याकडचा तुकडा राहिला, कारण माणूस भातकापणीला गेला. तो नोव्हेंबरात झाला. पिस्टनवरचे ओरखडे आहेत तसेच आहेत. दोरीचा ताण कमी वाटू लागला किंवा तापल्यावर चालू व्हायला त्रास झाला तर सिलिंडर खोलावा लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

मशीन चालवणाऱ्याचं वाक्य ऐकलं असतं तर पहिल्याच सकाळी झाकण तपासलं गेलं असतं. एका वेळी एकच बदल केला असता तर एच स्क्रूने दुसरा दोष झाकला नसता. दोन महिने पडून असलेलं मिश्रण पहिल्या झटक्याआधीच बाटलीत पाहायला हवं होतं. आणि चोक लावून काम चालतंय हे दिसलं, त्या क्षणी मशीन खाली ठेवायला हवं होतं. ओरखडे त्या दुपारचे आहेत.

एका मुद्द्यावर मतभेद राहिले. मेकॅनिकच्या मते मशीन ठेवताना टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे पडदे सुकत नाहीत. कोरड्या हवेत, बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर ते कदाचित चाललं असतं. कोकणातल्या पावसाळ्यात महिनाभराहून जास्त ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून, प्रायमर दाबून उरलेलं काढून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणंच बरं. पडदे तीन-चार हंगामांनी बदलावे लागतात, ते तसेही लागलेच असते.

कॅन आता मांगराच्या माळ्यावर आहे आणि मिश्रण दोन-तीन दिवसांच्या कामापुरतंच बनवलं जातं. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा लावतात, कारण रिकामं भोक दिसलं की कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते आणि पुढच्या हंगामात त्याचाही दोष कार्बुरेटरवर जातो. बोळा लाल कापडाचा आणि दोरीने हँडलला बांधलेला, म्हणजे चालू करताना विसरायचा नाही.